उजेडाची शिकवणी

अंगणवाडीत प्रत्येक गोष्टीला रजिस्टर असतं. वजनाचं वेगळं, उंचीचं वेगळं, लसीचं वेगळं, खिचडीचं वेगळं. किस्स्यांना मात्र रजिस्टर नाही, म्हणून ते डोक्यातच साचत जातात. चार बाया जमल्या, चहा ठेवला, की एखादी म्हणते, "शोभा, थो ताडपत्रीचा सांग ना वो," आणि मी सुरू होते. एक सांगितला की त्याच्या मागून दुसरा येतो. आमच्याकडचे बहुतेक किस्से मात्र उजेडाचे आहेत. ते कसं, ते आधी सांगावं लागेल.

मी शोभा. ढाणकीच्या अलीकडे आमचं गाव. गावातल्या अंगणवाडीत मी चौदा वर्षं मदतनीस होते. म्हणजे झाडायचं, पाणी भरायचं, लेकरांना घरोघरून आणायचं, रांगेत बसवायचं, खिचडी शिजवायची, हात धुवून द्यायचे आणि परत घरी पोचवायचं. आमच्या सेविका रेखाताई दीड वर्षानं रिटायर होणार होत्या. तेव्हाच्या नियमानं मदतनीस दहावी पास असली तर तिला त्यांची जागा मिळू शकत होती. आणि मी दहावी नापास! सायन्स दोनदा उडालं, दोन्ही वेळा प्रकाशाच्या धड्यानं घात केला. या खेपेला नाही निघालं तर बाहेरगावची कोणीतरी शिकलेली पोरगी खुर्चीवर येऊन बसणार आणि मी तिच्या हाताखाली खिचडी ढवळणार. मला ते नको होतं. स्पष्ट सांगते, रात्रंदिवस तेच डोक्यात होतं.

ती बोंडअळीची वर्षं. कापूस दिवाळीपुरता यायचा, पुढच्या वेचण्या उरायच्याच नाहीत. हिरवीगार बोंडं फोडावी तर आत अळी बसलेली. लोक पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची झाडं, उपटून टाकायचे आणि बाया दुपारच्या रिकाम्या. त्यात आमच्या शबानाला मोबाईलवर एक फुकटची शिकवणी सापडली. रोज दुपारी दोनला दहावीचं सायन्स, लाइव्ह. सरांचा चेहरा कधी दिसला नाही. फळा, खडू आणि सरांचा हात, एवढंच. लेकरं घरी गेली की आम्ही अंगणवाडीच्या ओट्यावर मोबाईल उभा करायचो, कारण नेटवर्क तिथंच यायचं.

शबाना म्हणजे गावातली लेडीज टेलर. ती दहावी फर्स्ट क्लास पास, आणि हे ती आठवड्यातून दोनदा तरी सांगायची. तिसरी लीलाबाई, शेजारच्या तांड्यावरची. साठीच्या पुढची, शाळेची पायरी न चढलेली. एक दिवस नातीला न्यायला आली, मोबाईलमधला हात पाहून उभी राहिली आणि नंतर बसलीच. मी म्हटलं, "मावशी, तुमाले कायले पाह्यजे दहावी?" तर म्हणाली, "मले परीक्षा नाई द्यायची. मले आयकाचं हाय."

* * *

पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "आपल्याला वस्तू दिसते, कारण तिच्यावर पडलेला प्रकाश परावर्तित होऊन आपल्या डोळ्यांत शिरतो." मी ते वहीत उतरवून मोकळी झाले. मागच्या दोन वेळी पण उतरवलंच होतं.

लीलाबाई मात्र दचकली. "थांब, थांब. म्हंजे मी तुले पाह्यतो, तवा तुह्यावरून उजेड निंगते अन् माह्या डोयात येते?"

"हाव."

"म्हंजे पाहाले माहा डोया तुह्याकडं जात नाई? तूच माह्याकडं येतं?"

शबाना म्हणाली, "अंदर येते, मावशी. सीधा अंदर."

लीलाबाई कितीतरी वेळ आमच्याकडे आळीपाळीनं पाहत बसली. मग अंगणातल्या हंड्याकडे, कोंबडीकडे, समोरच्या हापशीकडे. दुसऱ्या दिवशी आली ती गंभीर चेहरा करून. नवऱ्याशी तिचं पहिल्यापासून पटत नव्हतं, हे सगळ्या तांड्याला माहीत.

"काय झालं वो मावशी?"

"काई नाई. चाळीस वर्स झगडा केला त्या मानसासंगं. अन् सारा वेळ त्याच्यावरून उजेड येऊन राह्यलाता माह्या डोयात. काल सांजेले पह्यल्यांदा नीट पाह्यलं त्याले. मानूस बुढा झाला."

आम्हाला हसू येत होतं, पण हसवलं नाही कोणाच्यानं.

* * *

अपवर्तनाचा पहिला प्रयोग सरांनी घरी करायला सांगितला. भांड्यात तळाशी एक वस्तू ठेवा, काठाआड ती दिसेनाशी होईपर्यंत मागे सरका, मग दुसऱ्याला हळूच पाणी ओतायला सांगा. वस्तू कोणती ठेवायची यावर आमची पंधरा मिनिटं गेली. शेवटी मी पायातलं जोडवं काढलं आणि खिचडीच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, ठेवलं.

लीलाबाई मागे सरकली. "गेलं. दिसत नाई आता." शबानानं तांब्यानं पाणी ओतलं. लीलाबाई जागची हलली नव्हती, आणि एकदम ओरडली, "अवं माय, वर आलं!"

तिला वाटलं आम्ही हातचलाखी केली. मग शबानाला मागे उभं केलं आणि पाणी तिनं स्वतः ओतलं. मग मला. मग रेखाताईंना खुर्चीवरून उठवलं. मग पाण्यात हात घालून जोडवं तळालाच आहे ना, ते चाचपून पाहिलं. ते तळालाच होतं. सरांनी सांगितलं होतं तसंच, पाण्यातून बाहेर पडताना किरण वाकतो आणि आपल्याला तळ आहे त्याहून वर दिसतो. मी चौदा वर्षं त्या गंजात रोज पाणी ओतत होते. 

लीलाबाईनं मात्र चहा पण घेतला नाही, तशीच निघाली. दुसऱ्या दिवशी कळलं, तिनं तांड्यावरची सगळी पोरं तळ्याच्या काठावर नेऊन उभी केली होती. पाण्यात काठी घालून दाखवली, वाकडी दिसते ती. मग म्हणाली, "पाह्यलं? पानी खोटं बोलते. कंबरभर दिसलं तर छातीभर समजाचं."

पोरांनी विचारलं, कोणी सांगितलं? तर म्हणाली, "सायन्सनं."

* * *

शबानाला दुकानात मोठा आरसा घ्यायचा होता. तिचा शब्द 'आदमकद'. डोक्यापासून पायापर्यंत गिऱ्हाईक दिसलं पाहिजे, उमरखेडच्या टेलरकडे तसा आहे, असं तिचं दोन वर्षं चाललं होतं. आणि एका दुपारी सर बोलता बोलता म्हणाले, "पूर्ण शरीर पाहायला पूर्ण उंचीचा आरसा लागत नाही. निम्म्या उंचीचा पुरतो."

शबानानं व्हिडिओ मागे ओढून तीनदा ऐकला. मग गळ्यातली टेप काढून घरी पळाली. कपाटाच्या आरशावर कागद चिकटवून, टेपनं मोजून, पुढे होऊन, मागे होऊन पाहिलं. खरंच निम्मा! मागे सरकलं तरी निम्माच. "या अल्ला," ती मला सांगत होती, "इतले दिवस आरशासमोर कपडे शिवून राह्यलो, अन् आरसा काय करते तेच ठाऊक नाई मले."

तिनं निम्मा आरसा आणला, स्वतः उभी राहून, मापून, भिंतीला ठोकला. पायाच्या अंगठ्यापासून ओढणीपर्यंत सगळी शबाना त्यात बसली. गावभर सांगत सुटली.

चूक एकच झाली. शबाना उंचीनं बुटकी. आरसा तिच्या डोळ्याच्या हिशोबानं ठोकलेला. पहिलं गिऱ्हाईक आलं ते शाळेतल्या बाई, तिच्याहून चार-पाच बोटं उंच. बाई नवा ब्लाऊज घालून उभ्या राहिल्या आणि आरशात पाहतात तर गळ्यापासून खाली सगळं आहे, वर मुंडकंच नाही.

"शबाना, माझं डोकं कुठं गेलं?"

शबानानं आरशाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. दहावी फर्स्ट क्लासची इज्जत पणाला लागली होती. म्हणाली, "बाई, ब्लाऊज दिसते ना बराबर? डोकं कोनं शिवाले टाकलं होतं?"

* * *

परावर्तनाचा नियम मला कागदावर कळत नव्हता. आपाती कोन, परावर्तन कोन, दोन्ही सारखे, असं घोकायची आणि आकृती काढताना किरण भलतीकडेच जायचा. लीलाबाईनं ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या वारलेल्या आईची जुनी काचळी घेऊन आली. काचळी म्हणजे बंजारा बायांची चोळी, तिच्यावर आरशाचे तुकडे टाकलेले. ही तर काचांनी नुसती गच्च भरलेली.

दारातून ऊन येत होतं. तिनं काचळी उन्हात धरली आणि आमची अंगणवाडी, पत्र्यापासून फरशीपर्यंत, कवडशांनी भरून गेली. त्या दिवशी लेकरं अजून घरी गेली नव्हती. तीस लेकरं एकदम गप्प झाली. तीस लेकरं गप्प होणं म्हणजे काय, ते अंगणवाडीवाल्यांनाच कळेल. मग एकानं भिंतीवरचा कवडसा पकडायला हात मारला आणि जी धावपळ सुटली!

लीलाबाई काचळी थोडी तिरपी करायची, कवडसे सरकायचे. "पाह्य शोभा, इकून आलं ऊन. जितलं तिरपं येते तितलंच तिरपं थे तिकडं जाते. कमी नाई, जास्त नाई." आणि मला कळलं. दोन वेळा नापास होऊन जे कळलं नव्हतं ते मेलेल्या बाईच्या चोळीनं शिकवलं.

तेवढ्यात सुपरवायझर मॅडम तपासणीला आल्या. दारात उभ्या. तोंडावर पाच-सहा कवडसे, साडीवर पंधरा. लेकरं त्यांच्या साडीवर हात मारतायत.

"हे काय चाललंय? कोणत्या योजनेत बसतं हे?"

मी घाबरून रेखाताईंकडे पाहिलं. रेखाताईंनी जन्मात कधी वर तोंड करून उत्तर दिलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "योजनेत नाई बसत, मॅडम. पन डोक्यात बसून राह्यलं."

मॅडमनी काहीच लिहिलं नाही. जाताना काचळीतल्या एका काचेत वाकून स्वतःचं टिकलीएवढं तोंड पाहून गेल्या.

* * *

हा ताडपत्रीचा.

लीलाबाईचं तीन एकर रान. त्या वर्षी पहिल्या वेचणीचा कापूस तेवढा चांगला निघाला, मागचा सगळा अळीनं नासला. हा चांगला कापूस तिनं निवडून, झटकून, काडीकचरा काढून वेगळा ठेवला होता. ढाणकीला विकायला न्यायचा तर सोबत मी गेले.

व्यापाऱ्यानं दुकानापुढे मोठी पिवळी ताडपत्री बांधलेली. तिच्या सावलीत बसून तो माल पाहायचा. गाठोडं सोडलं, मूठभर कापूस उचलला, तोंड वाकडं केलं. "पिवळा पडला, मावशी. अळीचा माल हाय."

आजूबाजूचे चार लोक माना डोलावू लागले. खरं सांगायचं तर मलासुद्धा पिवळाच दिसत होता. दुसरी कोणी असती तर तो म्हणेल तो भाव घेऊन घरी गेली असती. बाया तेच करायच्या त्या वर्षी. अळीनं सगळ्यांचा तोरा उतरवला होता.

लीलाबाईनं वर पाहिलं. ताडपत्रीकडे. मग खाली, कापसाकडे. तिच्या डोक्यात काय चाललं ते माझ्या लक्षात आलं, कारण दोनच दिवसांपूर्वी सरांनी पांढऱ्या रंगाचा तास घेतला होता. पांढरी वस्तू आपला रंग ठेवत नाही, जो उजेड येईल तोच परत पाठवते.

ती व्यापाऱ्याला म्हणाली, "भाऊ, तुमी सदरा कोनत्या रंगाचा घातला आज?"

"पांढरा. काहून?"

"पाहा बरं त्याच्याकडं. मले तर पिवळा दिसून राह्यला. सदऱ्याले बी अळी लागली काय?"

लोक हसले. व्यापाऱ्यानं सदऱ्याकडे पाहिलं, मग ताडपत्रीकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. उठला, मूठभर कापूस घेऊन उन्हात गेला. उन्हात तो कापूस असा पांढरा दिसला की त्यानं डोळे बारीक केले. परत येऊन गादीवर बसला आणि भाव सरळ केला.

मग हळूच विचारलं, "मावशी, कोनत्या कॉलेजात होत्या तुमी?"

लीलाबाई गाठोड्याचं फडकं घडी करत म्हणाली, "अंगनवाडीत."

* * *

आता माझं रडणं सांगते, कारण ते पण किस्स्यातच येतं.

डिसेंबर संपला. सरांनी ऑनलाइन टेस्ट घेतली. मला प्रयोग कळत होते, पण प्रश्न आला की पाणी आणि हवा यांत किरण कुणाकडे वाकतो ते उलटंच लिहायची. स्तंभिकेकडे की स्तंभिकेपासून दूर? स्तंभिका म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर काढलेली उभी रेघ. सहाच्या सहा उत्तरं चुकली. लाल फुल्या पाहून मी वही फेकली आणि ओट्यावर बसून रडले. "नाई होत माह्याच्यानं. मी खिचडीच ढवळतो. खिचडी वाकत तरी नाई." शबाना पाठीवर हात ठेवून बसली. फर्स्ट क्लासचं नाव तिनं त्या दिवशी काढलं नाही.

लीलाबाई म्हणाली, "शबाना, सराले एक लिहून पाठव."

"काय लिहू?"

"विचार, का उजेड पान्यात गेल्यावर वाकते, हे आमी मानलं. पन त्याले कसं समजते कुठं वाकाचं अन् किती वाकाचं? त्याले कोन सांगते?"

शबानानं जशाच्या तशा शब्दांत टाइप केलं आणि खाली लिहिलं, 'विचारणारी लीलाबाई, वय साठच्या वर, अंगणवाडी.' दुसऱ्या दिवशी लाइव्ह तासात सरांनी तो प्रश्न वाचला. आणि सरांचा हात थांबला. खडू फळ्याला टेकलेला, आणि हात हलेना. आम्हाला वाटलं नेट गेलं.

मग आवाज आला. "लीलाबाई, हा प्रश्न मी कॉलेजात असताना विचारायला पाहिजे होता. मी नुसतं सूत्र पाठ केलं. मला एक दिवस द्या."

पुढच्या तासाला त्यांनी सिलॅबस बाजूला ठेवला. म्हणाले, एका जागेहून दुसऱ्या जागेला जायला ज्या वाटेनं सगळ्यात कमी वेळ लागतो, त्या वाटेनं प्रकाश जातो. हवेत तो जोरात पळतो, पाण्यात हळू होतो. म्हणून पाण्यातली वाट तो कमी करतो.

लीलाबाईनं मांडीवर थाप मारली. "असं सांग ना मंग! हे तर आमी रोज करतो. पाऊस पडल्यावर काळ्या रानात पाय रुतते, चालनं जड जाते. म्हून धुऱ्या-धुऱ्यानं, वावराच्या बांधानं, जास्त जातो अन् रानात कमी शिरतो. उजेडाले बी घरी जायची घाई हाय."

शबानानं ते पण टाइप केलं. सरांनी ते मोठ्यानं वाचलं. त्यांना काय वाटलं मला माहीत नाही. मला मात्र वहीतल्या सगळ्या आकृत्या एकदम धुऱ्यावरून चालताना दिसल्या. पाणी म्हणजे ओलं रान, त्यातली वाट छोटी करायची, म्हणजे स्तंभिकेकडे वाकायचं. बाहेर पडताना उलट. त्यानंतर ते उत्तर माझं कधी चुकलं नाही.

* * *

प्रॅक्टिकल उमरखेडच्या एका शाळेत झालं. त्या संध्याकाळी मी परत आले ती खाली मान घालून. लीलाबाई वाट पाहत ओट्यावर बसली होती. "कसं गेलं?" म्हणाली. मी म्हटलं, "घोटाळा केला मी. मोठा." आणि घरात शिरून दार लावून घेतलं.

मग लेखी परीक्षा झाली, ती बरी गेली. पण त्या घोटाळ्यानं मला दोन-अडीच महिने आतून पोखरलं. रेखाताईंच्या निरोपाचा नारळ-पातळाचा विषय निघाला की मी उठून भांडी घासायला जायची. बाहेरची पोरगी कोण येणार, यावर गावात नावं पण घेऊन झाली होती.

निकाल मोबाईलवर आला. भर दुपार, स्क्रीनवर ऊन चमकतंय, काही दिसेना. शबाना ओढणी डोक्यावरून पुढे ओढून, मोबाईल त्यात धरून वाचत होती. तिनं वाचलं आणि ओढणीतूनच रडू लागली. मला वाटलं गेलं. तर म्हणाली, "पास. सायन्स पन. पास हाय तू, शोभा."

 रेखाताईंनी साखरेचा डबा आणला, खिचडीघरातला. सगळ्यांच्या तोंडात चिमूट चिमूट घालून झाली.

मग लीलाबाई म्हणाली, "मंग थो घोटाळा कोनता होय?"

तेव्हा मी पहिल्यांदा सांगितलं. तिथं असलेल्या गावच्या दोन पोरांनाही मी तोवर शपथ घालून ठेवली होती.

* * *

प्रयोग होता बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढायचा. भिंग मी तोवर फक्त मोबाईलमध्ये, आकृतीत पाहिलेलं. हातात पहिल्यांदाच आलं. थंडगार, जड. स्टँडवर बसवलं, खिडकीकडे तोंड केलं, मागे दुसऱ्या स्टँडवर पांढरा कागद लावला आणि सरांनी सांगितलं तसा कागद हळूहळू मागे-पुढे सरकवत गेले. कागदावर काही नव्हतं, धुरकट उजेड नुसता.

आणि एका जागेवर, एकदम, कागदावर लिंब उमटला.

शाळेच्या अंगणातला पूर्ण कडुलिंब. उलटा. तळहाताएवढा. पण हिरव्या पानांचा हिरवाच, खोडाचा रंग खोडाचाच, आणि बाहेर वारा होता तर कागदावरची पानं हलत होती. खाली निळं आभाळ. आकृतीत मी शंभर वेळा बाण काढला होता, उलटा बाण. पण ते हलेल असं कोणी सांगितलं नव्हतं. मला रडू फुटेल असं वाटलं. मी कुठं आहे, कशासाठी आहे, पुढ्यात मार्कांचा कागद आहे, काही काही लक्षात राहिलं नाही. एवढंच वाटलं, की हे एकटीनं पाहायचं नाही.

आणि चौदा वर्षांची सवय. मी टाळी वाजवली आणि मोठ्यानं म्हटलं, "या रे लेकरं हो, या! रांग लावा. ढकलाढकली कराची नाई. एकेकानं पाहाचं."

परीक्षेच्या हॉलमध्ये. चालू परीक्षेत.

वीसेक पोरं-पोरी होती, सोळा-सतरा वर्षांची. सगळी आपापल्या टेबलावरून उठली आणि येऊन रांगेत उभी राहिली. एकानंही 'का' विचारलं नाही. त्यातली दोन तर आमच्याच गावची, माझ्या हातची खिचडी खाऊन मोठी झालेली. त्या दोघांनी हात मागे बांधले. एकेक जण कागदावर वाकायचा, "अरे बाप!" म्हणायचा आणि पुढे सरकायचा. मी बाजूला उभी राहून म्हणत होते, "हात नाई लावाचा. पान हलते ते पाह्यलं काय? चला, मागच्याले जागा द्या."

अर्धी रांग झाल्यावर मला शुद्ध आली.  बाहेरून आलेले परीक्षक, पिकल्या केसांचे, सकाळपासून एका शब्दानं बोलले नव्हते असे. त्यांच्या खुर्चीकडे पाहायची हिंमत होईना. पाहिलं तर खुर्ची रिकामी.

साहेब रांगेत होते. सगळ्यात शेवटी, मार्कांचा कागद काखेत धरून. पुढे अजून आठ-नऊ पोरं. पोरांनी जागा सोडली नाही आणि साहेबांनी मागितली नाही.

त्यांचा नंबर आला. चष्मा कपाळावर चढवला आणि कागदावर वाकले. बराच वेळ वाकलेलेच. मी मनातल्या मनात सेविकेच्या खुर्चीला रामराम केला.

"फांदीवर पाखरू हाय," ते म्हणाले.

"हाव, सर," मी म्हटलं. "थे बी उलटंच."

ते सरळ झाले. माझ्याकडे पाहिलं, साडीकडे, स्टँडवरच्या भिंगाकडे. "काम काय करता, बाई?"

"अंगणवाडीत मदतनीस हाय, सर."

त्यांनी मागे वळून पाहिलं. पाहून झालेली पोरं टेबलांवर गेली नव्हती. भिंतीला लागून दुसरी रांग करून उभी होती, मी 'जा' म्हणायची वाट पाहत.

"मदतनीस?" साहेब म्हणाले. "मग तिथं शिकवते कोण?"